मूल पुढे, आपण मागे

शहरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर हल्ली ‘निसर्ग शिबिरां’ची पत्रकं सारखी येऊन पडतात. चिखलात खेळणं, झाडावर चढणं, पक्षी बघणं, सगळं घड्याळाला बांधलेलं: अर्धा तास चिखल, अर्धा तास पक्षी, मग नाश्ता, मग प्रमाणपत्र. दुसरीकडे असेही आईबाप आहेत, की टेकडीवर नेलं तरी पोराचा हात सोडवत नाही. दोन्ही तऱ्हांना मूळ कल्पना हुकलेली असते. मुलाने पुढे चालायचं, कशापाशी थांबायचं ते त्याने ठरवायचं आणि आईबाबांनी मागून सोबत करायची, इतकीच ती कल्पना आहे. ऐकायला सोपी, पण मोठ्या माणसांना पाळायला फार जड. म्हणूनच बहुधा तिच्याभोवती इतके गैरसमज जमलेत.

‘हे परदेशी फॅड आहे’

या कल्पनेचं फॉरेस्ट स्कूल हे नाव परदेशी आहे, यात वाद नाही. डेन्मार्कमध्ये एला फ्लाताऊ या बाई १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांना नेमाने जंगलात घेऊन जाऊ लागल्या. त्यातून जंगलातली बालवाडी उभी राहिली. १९९३ साली इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या ब्रिजवॉटर कॉलेजातल्या बालवाडीची मंडळी डेन्मार्कला जाऊन हे बघून आली आणि पुढे इंग्लंडमध्ये हे नाव रुळलं.

पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे काय चाललं होतं? गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांना हाकून वर्गात आणण्यापेक्षा शिक्षकच कुरणात गेले. तीच कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शंख, पानं, दगड आले. तिथे शिकवण्यात कोणाला नवी टूम काढायची नव्हती. मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायचं होतं. आज त्याच गोष्टीला आपण इंग्रजी नाव देऊन भरमसाट फी घेतो, हा भाग वेगळा.

‘मुलाच्या कलाने म्हणजे मोकाट सोडायचं’

हा सगळ्यात मोठा गैरसमज. मुलाच्या कलाने घेताना मोठ्यांचं काम उलट वाढतं, फक्त ते दिसत नाही.

बरंचसं काम मुलं यायच्या आधीच होतं. जागा आधी चालून बघायची. आग्यामोहोळ कुठे लटकतंय, फुटक्या बाटल्या कुठे टाकल्यात, कठडा नसलेली विहीर आहे का, खाजकुईलीचा वेल कुठे माजलाय. विषारी झाडं ओळखून ठेवायची: धोतरा, कण्हेर, लाल-काळ्या बियांची गुंज, आणि खास करून मोगली एरंड. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. मग मुलांना थोडेच पण पक्के नियम सांगायचे: ‘त्या बाभळीच्या पलीकडे नाही. पाण्याजवळ मी असल्याशिवाय नाही. काहीही तोंडात घालायचं नाही.’ एवढं झालं, की गप्प बसायचं. गंमत अशी, की हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही.

समजा, जूनमधला पहिला दमदार पाऊस होऊन गेलाय. ओल्या मातीवर एक मृगाचा किडा निघालाय, लालभडक, मखमल पांघरल्यासारखा. पाच वर्षांची एक मुलगी त्याच्यापाशी उकिडवी बसते. बाबांना राहवत नाही. ‘हा मृगाचा किडा बरं का. मृग नक्षत्र लागलं की येतो. रंग कोणता सांग? आणि इंग्लिशमध्ये?’ मुलगी ‘रेड’ म्हणते आणि उठते. परीक्षा झाली, पास झालो, विषय संपला.

तेच बाबा जर गप्प राहिले असते? पोरगी त्याच्यापुढे काडी आडवी धरते. किडा पाय आखडून घेतो, मेल्याचं सोंग करतो. ती थांबते. तो हळूच पुन्हा चालू लागतो. ती आणखी एकदा तेच करते, मग तिसऱ्यांदा. मग पाय मोजायला लागते, चुकते, परत मोजते. आठ. ‘बाबा, मुंगीला तर सहाच असतात ना?’ आता हा प्रश्न लाखमोलाचा आहे, कारण मृगाचा ‘किडा’ हा कीटक नाहीच, तो कोळी आणि विंचवाच्या भाऊबंदांतला आहे. हे तिला कोणी सांगितलं नाही. त्याच्या उंबरठ्यापर्यंत ती मोजत मोजत स्वतः आली.

बाबांना उत्तर येत नसलं तरी काही बिघडत नाही. ‘आम्हालाच झाडापक्ष्यांची नावं येत नाहीत, आम्ही काय शिकवणार’ असं म्हणणारे पालक फार भेटतात. नावं येणारे पालक उलट जास्त धोकादायक! त्यांच्या तोंडून नाव निसटतं आणि मुलाला वाटतं, संपलं, कळलं. ‘मलाही माहीत नाही, घरी गेल्यावर शोधूया’ हे वाक्य मुलाने मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

‘पडला, सापबीप चावला तर?’

ही भीती खोटी नाही. तिला हसून उडवून लावणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

नॉर्वेच्या एलन सँडसेटर या संशोधिकेने २००७ साली लहान मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार मांडले: उंचीवर चढणं, वेग, धारदार हत्यारं हाताळणं, पाणी-विस्तवासारख्या गोष्टींजवळ खेळणं, दंगामस्ती-कुस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. तिचं म्हणणं असं, की या खेळांतून मूल स्वतःच्या भीतीचा अंदाज घ्यायला शिकतं. आपल्याकडे सूरपारंब्या खेळलेल्या पिढीला हे पटवून द्यावं लागू नये. वडाच्या फांदीवरून पारंबीला लोंबकळून खाली उतरायचं, याहून वेगळं ते काय होतं?

फॉरेस्ट स्कूलवाले यासाठी एक साधा नियम पाळतात: मुलाला उचलून झाडावर बसवायचं नाही. जितकं ते स्वतःच्या हातापायांनी चढतं, तितकं बहुतेक वेळा त्याला उतरताही येतं. याला जोड आपल्याकडच्या शहाणपणाची. शेवगा आणि जांभूळ ही ठिसूळ लाकडाची झाडं. दिसायला जाड फांदीही काडकन मोडते, म्हणून त्यांच्यावर चढू द्यायचं नाही. चिंच, वड चिवट. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर कोणीच चढायचं नाही. आणि मूल वर असताना खालून ‘पडशील! पडशील!’ असा धोशा लावू नये. त्याने फक्त मुलाचं लक्ष फांदीवरून तुमच्याकडे येतं. ‘आता पाय कुठे ठेवणार?’ असं विचारलं, तर ते फांदीकडे बघतं.

सापाचं म्हणाल तर आकडे गंभीर आहेत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पण हे मृत्यू मुख्यतः खेड्यापाड्यांत, पावसाळ्याच्या दिवसांत, शेतात राबणाऱ्या आणि घरात जमिनीवर झोपणाऱ्या माणसांचे आहेत. मण्यार तर रात्री अंथरुणातच चावते. दिवसाउजेडी मोठ्यांच्या सोबतीने पायवाटेवर खेळणाऱ्या मुलाला धोका शून्य नसला, तरी त्यामानाने पुष्कळ कमी आहे, आणि तो आणखी कमी करता येतो. पायात बूट, उंच गवतात घुसायचं नाही, बिळात आणि दगडाखाली हात घालायचा नाही, दगड उलटायचा तर काठीने, आपल्यापासून लांबच्या बाजूने उचलून. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळपट्टी बांधणं यांतलं काहीही करू नये. मुलाला चालू किंवा हातपाय हलवू न देता थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावं. आपल्या जागेच्या सर्वांत जवळचं असं रुग्णालय कोणतं, ते जायच्या आधी फोन करून विचारून ठेवावं.

‘मातीत खेळून आजारी पडेल’

पावसात भिजल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. आणि विषाणू बंद खोलीत जास्त सहज पसरतात. ओले कपडे बदलून डोकं पुसलं की झालं.

मातीचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. फिनलंडमध्ये संशोधकांनी काही पाळणाघरांच्या खडी पसरलेल्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली, ३ ते ५ वर्षांच्या मुलांना तिथे रोज खेळू दिलं. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रोगप्रतिकार यंत्रणेचं नियमन सुधारल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. अभ्यास छोटा होता, मुलं ७५. तेवढ्यावरून ‘मातीत लोळवा, दमा पळेल’ असं म्हणणं ही शुद्ध थाप आहे.

शिवाय फिनलंडची माती वेगळी, आपली वेगळी. उघड्यावर शौच होणाऱ्या जागेच्या मातीतून जंत होतात. हात धुणं, चपला घालणं आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी याला पर्याय नाही. मुंबईत तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो होतो. तिथे डबक्यात उड्या मारण्याची हौस अजिबात नको. दोडामार्ग आणि सत्तरीच्या रानात गोचिडांमुळे माकडताप पसरतो. तिथे हिवाळा-उन्हाळ्यात आरोग्य खात्याच्या सूचना निमूट पाळाव्या. निसर्गावर प्रेम म्हणजे या गोष्टींकडे डोळेझाक नव्हे.

‘दवावर अनवाणी चाललं की चष्मा जातो’

ही समजूत निसर्गप्रेमी पालकांची. सकाळी गवतावर चाला, हिरवं बघा, नंबर उतरतो! तसं होत नाही. एकदा लागलेला लांबचं न दिसण्याचा नंबर दवाने किंवा हिरव्या रंगाने कमी झाल्याचा पुरावा नाही.

मात्र बाहेर खेळण्याचा डोळ्यांशी संबंध खराच आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतली मुलं रोज ४० मिनिटं जास्त उघड्यावर राहिली. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना नंबर लागला होता, तर उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. कारण बहुधा उजेडाचं: वर्गातला प्रकाश काहीशे लक्सचा, बाहेर सावलीतही तो हजारोंच्या घरात जातो, आणि त्या उजेडामुळे दृष्टिपटलात स्रवणारं डोपामीन डोळ्याचा गोल लांबट होऊ देत नाही, असं मानलं जातं. म्हणजे मूल बाहेर काय बघतं याला महत्त्व नाही. ते चिखलाची भाकरी थापत बसलं तरी चालेल. फायदा नंबर लागण्याआधी आहे, लागल्यानंतर नाही.

‘त्यासाठी जंगल हवं’

नको. हवी ती एकच, जवळची, परत परत जाता येईल अशी जागा. फॉरेस्ट स्कूलच्या तत्त्वांतलं पहिलंच हे आहे, की एकदाच्या सहलीला ते फॉरेस्ट स्कूल म्हणत नाहीत. नेमाने, ऋतूमागून ऋतू, त्याच जागी जायचं. ताडोब्याला जीपमध्ये बसून वाघ बघणं छान आहे, पण तिथे मुलाला खाली उतरताच येत नाही. त्यापेक्षा पुण्यातली वेताळ टेकडी, किंवा धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ते ३७ एकर रान एकेकाळी कचराभूमी होतं, हे पोरांना सांगितलं तर खरंच वाटत नाही. हेही जमत नसेल तर सोसायटीच्या कुंपणाशी उगवलेला पिंपळ. चैत्रात त्याची तांबूस पालवी, मग फळं खायला येणारे तांबट, भाद्रपदात खोडावर चढणाऱ्या गोगलगाई. हे एकाच झाडापाशी वर्षभर गेल्याशिवाय दिसत नाही.

अभ्यास बुडण्याच्या काळजीवर जास्त लिहीत नाही. २०२२ च्या पायाभूत स्तरासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेच ३ ते ८ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळातून व्हावं असं म्हटलंय. आणि मुलीच्या बाबतीत ‘उन्हात काळी पडेल’ म्हणणाऱ्या आज्यांना, आणि मनातल्या मनात तेच म्हणणाऱ्या आयांना, तिच्या भावाला कोणी असं म्हणत नाही एवढीच आठवण करून द्यावी.

शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी मात्र काही गोष्टी विचारून घ्या. एका मोठ्या माणसामागे मुलं किती? प्रथमोपचार शिकलेलं कोणी असतं का? दर वेळी तीच जागा असते, की दर शनिवारी नवी? पाऊस आला की रद्द करता का, आणि वीज कडाडू लागली तर काय करता? एखादं मूल दोन तास मुंग्यांपाशीच बसलं, तर त्याला उठवता का? पालकांनी सोबत यायचं असेल तर त्यांनी काय करायचं असतं? शेवटच्या प्रश्नावर ‘फोटो काढा’ असं उत्तर आलं, तर ते पैसे वाचवा आणि रविवारी सकाळी पाण्याची बाटली घेऊन घराजवळच्या टेकडीवर जा.