बाभळीच्या डिंकातली साखर

मोर्शी तालुक्यातला पट्टा संत्र्यांचा. संत्र्याच्या सालीतल्या पेक्टिनमध्ये आणि बाभळीच्या डिंकात अरॅबिनोज नावाची साखर गुंफलेली असते. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६ अणू, हिच्यात ५. साखर म्हटली की आपण ताकद मोजतो. अरॅबिनोज मात्र गोड असूनही आपल्या लहान आतड्यात फारशी शोषली जात नाही. मग डिंकाचे लाडू? त्यांची ताकद मुख्यतः तुपागुळाची. डिंक बराचसा न पचता मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या वाट्याला जातो.

म्हणून अरॅबिनोज कुचकामी ठरत नाही. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत ती बांधकामाचा माल आहे, आणि ई. कोलाय या जीवाणूला निरोप. त्याच्या डीएनएला वेटोळं घालून एक प्रथिन ही साखर पचवायची जनुकं बंद ठेवतं. अरॅबिनोज चिकटली की तेच प्रथिन आकार बदलून ती जनुकं सुरू करतं. प्रयोगशाळेत या चालू-बंद कळीपुढे चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडतात: अरॅबिनोज घातलेल्या बशीतल्या वसाहती अतिनील प्रकाशात हिरव्या उजळतात, बिनसाखरेच्या फिक्याच राहतात. ग्लुकोज असेल तर जीवाणू अरॅबिनोजकडे ढुंकूनही पाहत नाही, हा दोष वाटेल. संशोधक मात्र कळ घट्ट बंद ठेवायला मुद्दाम ग्लुकोजच वापरतात.