तुरुंगातून सुटल्यावर पेन्शन अडते कुठे?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. भाग ऐकून बऱ्याच जणांना कागदांची यादी पुन्हा हवी असते, म्हणून ती इथे क्रमाने दिलीये.

मी सॉफ्टवेअर इंजिनीयर. आठवडाभर कोड लिहिते आणि शनिवारी तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांचे अर्ज भरायला मदत करते. सुरुवातीला मला वाटायचं, अर्ज नीट भरला की काम झालं. एका काकांनी ते डोक्यातून काढलं.

काका सात वर्षं आत होते. सुटले तेव्हा वय 67. मुलीकडे राहायला गेले. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत 65 वर्षांवरच्या निराधार माणसाला महिन्याला 1500 रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावं लागतं किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. काकांचं नाव यादीत होतं. आम्ही नवीन बँक खातं उघडलं, त्याचा नंबर अर्जात टाकला, तहसील कार्यालयात अर्ज दिला. मंजूरही झाला.

पण चार महिने खात्यात एक रुपया नाही. काका फोनवर म्हणाले, "पोरी, बँकेत जातो आणि मान खाली घालून परत येतो. लेक म्हणते, पैसे येतात आणि तुम्हीच कुठंतरी उडवता." आधीच घरात विश्वास कमी, त्यात हे.

चूक माझीच होती. मी धरून चालले होते की अर्जात लिहिलेल्या खात्यातच पैसे येतात. डीबीटीचं तसं नसतं. सरकार पैसे पाठवतं आधार नंबरवर. कुठल्या आधारसाठी कुठली बँक, ही नोंद एनपीसीआयच्या यादीत असते, आणि पैसे त्या यादीतल्या बँकेत जातात. खातं उघडताना आधार दाखवणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार जोडायची संमती देणं वेगळं. आम्ही दुसरं केलंच नव्हतं. काकांचं आधार जोडलेलं होतं गावाकडच्या जुन्या खात्याला. सहा हजार रुपये तिथे पडून होते. त्या खात्याचे मेसेज काकांच्या जुन्या मोबाईल नंबरवर जात होते, आणि तो नंबर आता कुणा तिसऱ्याच माणसाकडे होता.

आमच्या भाषेत याला डिपेंडन्सी म्हणतात. खालची वीट नसेल तर वरची बसत नाही. म्हणून कामं याच क्रमाने करा:

1. मोबाईल. आधी चालू नंबर घ्या. आधार केंद्रावर जाऊन तो आधारला जोडा. बोटांचे ठसे द्यावे लागतात, जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही. थोडी फी आहे. आधार कार्ड हरवलं असेल तरी केंद्रावर ठशांवरून नंबर शोधता येतो.

2. बँक. माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून लॉगिन करा आणि कुठली बँक जोडलेली आहे ते बघा. म्हणूनच मोबाईल आधी. जुनंच खातं ठेवायचं असेल तर केवायसी करून ते पुन्हा चालू करा. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, पण पैसे बुडत नाहीत आणि चालू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही. नवीन खातं हवं असेल तर डीबीटीसाठी आधार जोडायचा फॉर्म वेगळा मागून भरा.

3. रेशन कार्ड. नाव आहे की कमी झालंय ते बघा. ई-केवायसी राहिली असेल तर दुकानात जाऊन करा. अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं.

4. पेन्शनचा अर्ज. उत्पन्नाचा, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा जोडून तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून. 65 च्या आतल्या निराधार किंवा दिव्यांग माणसासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना बघा.

आणखी एक. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या पत्नीलाही संजय गांधी योजनेत अर्ज करता येतो. हे फार कमी घरांना माहीत असतं. तसंच सुटून आलेल्यांना छोटा धंदा सुरू करायला अर्थसाहाय्याची योजना आहे, त्यासाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा.

आता तुम्ही म्हणाल, ही तयारी सुटकेच्या आधीच का होत नाही? कारण सुटकेची तारीखच बहुतेकांना माहीत नसते. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 लोक होते, त्यातले 75.8 टक्के कच्चे कैदी. म्हणजे खटला संपलेलाच नाही. जामीन मंजूर झाला की माणूस एक-दोन दिवसांत, कधी त्याच संध्याकाळी, हातात एक पिशवी घेऊन गेटबाहेर. त्यामुळे तयारी सुटकेच्या वेळी नाही, आत गेल्यापासूनच करायला हवी.

घरच्यांना एक स्वस्त काम सांगते. आत गेलेल्या माणसाचं सिम चालू ठेवा. अधूनमधून रिचार्ज करा, एखादा फोन लावा. 90 दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. आधार, बँक पासबुक आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स एका फाइलीत ठेवा. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी 15100 वर फोन करा.

काकांचं काय झालं? आम्ही मोबाईल जोडला, गावी जाऊन खातं चालू केलं. पासबुक भरून घेतलं तेव्हा त्यात चारही हप्ते तारखेसकट छापून आले. काकांनी पैसे काढलेच नाहीत. ते पान उघडं धरून म्हणाले, "आधी हे लेकीला दाखवू दे."

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या ओळखीत कुणी सुटून येणार असेल तर आधी त्याचा मोबाईल नंबर चालू आहे का ते विचारा. भेटूया पुढच्या भागात.