अपूर्णांकाचा हिशेब आणि यंत्राची साक्ष

भिलाईच्या सेक्टर ६ मधील घरांचे दिवस ज्या पोलाद कारखान्याच्या पाळ्यांवर चालतात, तेथला २६० मीटरांचा रूळ मोकळा ठेवला, तर उष्णतेच्या एका अंशाने तो सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. आणि अभियंता हा फरक नाकारीत नाही, त्याची मर्यादा आधी ठरवून मगच पुढची आकडेमोड करतो. संगणकाच्या गणितालाही हीच शिस्त लागू आहे.

द्विमान पद्धतीत एक दशांश ही संख्या नेमकी लिहिताच येत नाही. म्हणून ‘सी’ भाषेत ‘डबल’ प्रकारातील ०.१ दहा वेळा मिळविले असता बेरीज १ न होता ०.९९९९९९९९९९९९९९९९ भरते. हा यंत्राचा दोष नव्हे, तर ५३ द्विमान अंकांत (बिटांत) न मावणारा भाग सोडून देण्याचा अपरिहार्य परिणाम होय. असा भाग कोणत्या नियमाने सोडावा, हे विल्यम कहान यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या १९८५ च्या ‘आय-ट्रिपल-ई ७५४’ या मानकाने ठरविले, आणि १९९९ च्या सी मानकाने ‘फेन्व्ह.एच’ या शीर्षक-फाइलद्वारे तो नियम निवडण्याचा अधिकार कार्यक्रमकर्त्याच्या हाती दिला. तीतील ‘फेसेटराउंड’ने न मावणारा भाग सोडण्याची दिशा बदलून एकास तिनाने भागावे: खालच्या दिशेने ०.३३३३३३३३३३३३३३३३१ आणि वरच्या दिशेने ०.३३३३३३३३३३३३३३३३७ मिळते, आणि खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असल्याची खात्री पटते. मात्र अनुवादकाने (कंपायलरने) भागाकार आधीच उरकून टाकू नये, यासाठी ‘फेन्व्ह अ‍ॅक्सेस’चा प्राग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) लिहावा लागतो, आणि तो आपला कंपायलर खरोखर पाळतो की नाही, याची चौकशीही करावी लागते.

शून्याने भागलेल्या राशीस भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘खहर’ म्हटले आणि तीत काही मिळविले वा वजा केले तरी ती अविकृत राहते, असे प्रतिपादिले. सांत संख्यांच्या बाबतीत आजच्या यंत्रात शून्याने भागल्यावर मिळणाऱ्या अनंताचे वर्तनही तंतोतंत असेच आहे. तथापि शून्याने भागाकार, अवैध क्रिया, मर्यादेबाहेरची मोठी वा सूक्ष्म संख्या किंवा नेमकेपणाचा भंग घडला, तरी कार्यक्रम सामान्यतः थांबत नाही; यंत्र केवळ आपल्या दप्तरी मूकपणे नोंद करून पुढे जाते. नेमकेपणाच्या भंगाची नोंद तर पदोपदी पडते. इतर चार मात्र दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत.

१९९६ मध्ये ‘एरियन ५’ अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाला, तो ६४ बिटांची संख्या १६ बिटांत न मावल्याने उद्भवलेल्या अपवादाची व्यवस्था न केल्यामुळे. तेथील भाषा ‘अ‍ॅडा’ होती, पण धडा सर्वांसाठी आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी गणनेपूर्वी ‘फेक्लिअरएक्सेप्ट’ने जुन्या नोंदी पुसाव्यात, गणनेनंतर ‘फेटेस्टएक्सेप्ट’ने नव्या तपासाव्यात, आणि त्यांचा खुलासा झाल्याखेरीज कोणत्याही उत्तरावर स्वाक्षरी करू नये.