संगणकातील पेवे

महाबळेश्वरी उगम पावून सातारा जिल्ह्यातून वाहत आलेली कृष्णा सांगलीनजीक हरिपूर येथे वारणेला भेटते. या हरिपूरची हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे कोठार. २००५ सालच्या महापुरात त्यांपैकी पुष्कळ पेवे खराब झाली. पण पेवांकडे पाहिले म्हणजे संगणकाच्या पोटातील एक गूढ सहज उलगडते.

समजा, साताऱ्याच्या एका शेतकऱ्याने आपली हळद तेथे ठेवली. त्याला पावती मिळाली, 'पेव क्रमांक १'. सांगलीच्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या पावतीवरही 'पेव क्रमांक १' असेच लिहिलेले! तरी घोटाळा होत नाही. कारण रखवालदाराजवळ वही आहे. साताऱ्याच्या शेतकऱ्याचे पहिले पेव म्हणजे खरोखरीचे सत्ताविसावे, सांगलीकराचे पहिले म्हणजे चाळिसावे, अशी नोंद तीत आहे. उद्या हळद दुसऱ्या पेवात हलविली, तरी पावती तीच राहते. वहीतील नोंद तेवढी बदलते.

संगणकाच्या स्मृतीची व्यवस्था अशीच असते. संगणकास काम सांगणाऱ्या सूचनांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. अशा अनेक आज्ञावली एकाच वेळी चालू असतात आणि त्या सर्वांवर देखरेख करते ती कार्यप्रणाली. हीच येथील रखवालदार होय. ती स्मृतीचे सारखे तुकडे पाडते. त्यांस 'पाने' म्हणतात. एका पानात बहुधा ४०९६ बाइट मावतात. कोणाचे कोणते पान खरोखर कोठे आहे, हे एका कोष्टकात लिहिलेले असते. आज्ञावली आपल्या पावतीवरचा पत्ता सांगते आणि प्रोसेसर कोष्टक पाहून खरी जागा गाठतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत!

पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाच्या स्मृतीत अवघी २०४८ घरे होती. आज्ञावली लिहिणारा थेट खऱ्या घराचाच क्रमांक लिही. काम एका वेळी एकच, म्हणून ते निभावले. पानांची रीत १९६२ साली इंग्लंडातील मँचेस्टर येथे 'ॲटलास' संगणकात आली.

मग एखाद्या आज्ञावलीस खऱ्या जागेशीच काम पडले तर? तसे पडतेही. संगणकास जोडलेल्या यंत्रांना हुकूम देण्याची घरे ठराविक खऱ्या पत्त्यांवरच असतात. अशा वेळी आज्ञावलीने कार्यप्रणालीस विनंती करावयाची, की अमुक खरी जागा माझ्या कोष्टकात नोंदवून द्यावी. लिनक्स या कार्यप्रणालीत त्यासाठी 'डेव्ह-मेम' नावाची वाट आहे. ती केवळ मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडते आणि अलीकडे तर बहुधा त्यालाही इतरांच्या स्मृतीत डोकावू देत नाही.

एवढी कडक शिस्त कशाला? बंद पेवात दूषित हवा कोंडलेली असते. तोंड उघडून हवा खेळू न देता जो उतरेल, त्याचा जीव गुदमरेल. म्हणून जाणती माणसे कोणासही एकदम उतरू देत नाहीत. स्मृतीतही धोका लहान नाही. बँकेच्या संगणकात एका आज्ञावलीने चुकून दुसरीच्या घरात एक आकडा लिहिला, तर एखाद्या गरीब ठेवीदाराची शिल्लक पुसली जाईल. तोच आकडा कार्यप्रणालीच्या स्वतःच्या घरात पडला, तर सारा संगणक जागच्या जागी थांबेल. म्हणून ज्या पत्त्याची नोंद आपल्या कोष्टकात नाही, तो आज्ञावलीने उच्चारला की प्रोसेसर तिला अडवितो आणि कार्यप्रणाली बहुधा तिला तेथेच बंद करते. शेजारच्या आज्ञावलीस मात्र या गडबडीचा पत्ताही लागत नाही.