अ‍ॅलन मूर : चित्रांमागचा लेखक

१९५३ मध्ये नॉर्दॅम्प्टनला जन्मलेला हा इंग्रज कॉमिक्स-लेखक आजही त्याच गावाला धरून आहे. तो चित्रकारासाठी एकेका चौकटीचं इतकं बारीक वर्णन लिहितो, की 'वॉचमेन'च्या पहिल्याच अंकाची संहिता शंभर पानांच्या आसपास गेली!

१२ अंकांची ही मालिका १९८६-८७ मध्ये आली. चित्रकार डेव्ह गिबन्सची बरीचशी पानं नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत. पाचवा अंक तर अफाटच. त्याची पहिली आणि शेवटची पानं रचनेत एकमेकांचं प्रतिबिंब आहेत आणि दोन्ही बाजू मधल्या जोडपानावर येऊन भेटतात. कथेच्या ओघात हे सहसा ध्यानातही येत नाही. १९८८ मध्ये या कृतीला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मूरच्याच 'व्ही फॉर व्हेंडेटा'ची सुरुवात १९८२ मधली. त्यातला, इंग्लंडच्या राजाविरुद्ध कट करणाऱ्या गाय फॉक्सचा मुखवटा ही चित्रकार डेव्हिड लॉइडची कल्पना. पुढे तो जगभरच्या निदर्शनांमध्ये दिसू लागला. गंमत म्हणजे त्याचे हक्क वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीकडे! चित्रकार एडी कॅम्पबेलसोबतची 'फ्रॉम हेल' जॅक द रिपरच्या खुनांवर आहे आणि तिच्या टिपा स्वतंत्रपणे वाचाव्यात अशा आहेत.

'वॉचमेन'चे हक्क पुस्तक बाजारातून गेल्यावर लेखक-चित्रकारांकडे परतणार होते. पण ते सतत छापलं जात राहिलं, त्यामुळे हक्क प्रकाशक डीसी कॉमिक्सकडेच राहिले. २००६ चा 'व्ही फॉर व्हेंडेटा' आणि २००९ चा 'वॉचमेन' या दोन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मूरचं नाव नाही. ते त्याच्याच आग्रहावरून वगळलेलं आहे.