कॅमेऱ्याची साक्ष कोण तपासणार?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की नेरे लागतं. या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहताहेत. सातबारा आणि फेरफार इथल्या घरोघरी बोलण्यात असतात. नव्या सोसायट्यांच्या गेटवर इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आले, दारांवर डिजिटल कुलपं आली. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

2016 साली ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरनं जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले. युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड ते एकामागून एक लावून बघत असे. 21 ऑक्टोबरला याच फौजेनं संकेतस्थळांची नावं त्यांच्या इंटरनेट पत्त्यांशी जोडून देणाऱ्या ‘डाइन’ (Dyn) या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास अडखळत राहिले. आपला कॅमेरा त्या हल्ल्यात सामील आहे, हे मालकांच्या गावीही नव्हतं.

अशा कॅमेऱ्याचं चित्रण नंतर कुणी बदललं नाही ना, हे तपासायला ब्लॉकचेन उपयोगी पडते. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो; बदल झाला की नवी नोंद पडते, जुनी मागे राहते. ब्लॉकचेन ही तशीच वही, पण तिच्या प्रती अनेकांकडे असतात आणि नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा ‘हॅश’ गुंफलेला असतो. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. एक अक्षर बदललं तरी तो पार बदलतो. चित्रण वहीत जात नाही, जाऊही नये. जातो फक्त त्याचा ठसा. नंतर कुणी चित्रण कापलं, तर ठसा जुळत नाही. कॅमेऱ्याचं नवं सॉफ्टवेअर अस्सल आहे का, हेही असंच पडताळता येतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 साली जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर नोंदवले गेले, ते याच तत्त्वावर.

पण वही नोंद राखते, नोंदीचा खरेपणा ठरवत नाही. कॅमेराच कुणाच्या ताब्यात गेला असेल, तर खोटं चित्रणही तितक्याच निष्ठेनं नोंदलं जाईल. म्हणून आधी कारखान्याचा पासवर्ड बदलायला हवा आणि नोंदीवर डिजिटल सही करणारी उपकरणाची गुप्त किल्ली वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये हवी. एप्रिल 2025पासून केंद्रानं सीसीटीव्हींना सुरक्षा चाचणी सक्तीची केली, ते योग्यच झालं.

‘ब्लॉकचेनवाला’ कॅमेरा विकायला कुणी आला, तर सोसायटीनं वहीच्या प्रती कुणाकुणाकडे असतील, हे लेखी मागावं. सगळ्या प्रती त्याच कंपनीच्या सर्व्हरवर असतील, तर त्या नावासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.