खगोलशास्त्रीय संगणक प्रणालीतील दिनांक व वेळ : एक विवेचन

प्रस्तावना :
ग्रहताऱ्यांची स्थिती दर्शविणाऱ्या संगणक प्रणालीस स्थळ, दिनांक व वेळ ही माहिती पुरवावी लागते. यांपैकी वेळेचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास गणित अचूक असूनही उत्तर चुकते. प्रस्तुत लेखात अशा चुकांची स्थाने व त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे.

दिनांकाची मांडणी :
०३/०४/२००५ हा दिनांक आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च असा वाचला जातो. म्हणून वर्ष-महिना-दिवस (२००५-०४-०३) हा आंतरराष्ट्रीय क्रम स्वीकारणे इष्ट होय. गणितासाठी मात्र संगणक ज्युलियन दिनांक वापरतो. इ.स.पू. ४७१३ मधील १ जानेवारीच्या मध्यान्हापासून केलेली ही दिवसांची अखंड मोजणी होय. आपल्या सिद्धांतग्रंथांतील अहर्गणाची कल्पना याच स्वरूपाची आहे. उदाहरणार्थ, १५ ऑगस्ट १९४७ ची भारतीय मध्यरात्र म्हणजे ग्रीनिचची १४ ऑगस्टची सायंकाळी ६.३० ची वेळ, अर्थात ज्युलियन दिनांक २४३२४१२.२७०८ होय.

स्थानिक वेळेचा प्रश्न :
भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. पिपरी मेघे येथील रेखांश सुमारे ७८.६ अंश असल्याने येथील मध्यम मध्यान्ह घड्याळात १२ वाजून सुमारे १५ ते १६ मिनिटांनी होते. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. त्यामुळे २२ जानेवारी १८९८ रोजी जेऊर येथे प्रा. नेगमवाला यांनी निरीक्षिलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या नोंदींना साडेपाच तासांचे अंतर लावता येणार नाही. मुंबई शहरात तर ग्रीनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे असणारी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत व्यवहारात होती. संगणकांत वापरल्या जाणाऱ्या कालविभागांच्या कोशात भारतासाठी 'आशिया/कोलकाता' ही एकच नोंद असल्याने हा ३९ मिनिटांचा फरक आपोआप दुरुस्त होत नाही. तेवढ्या अवधीत आकाश सुमारे पावणेदहा अंश फिरते. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, प्रमाणवेळ एक तास पुढे होती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

लीप सेकंद :
पृथ्वीचे परिवलन एकसारखे नसल्याने १९७२ ते २०१६ या काळात नागरी वेळेत २७ लीप सेकंद मिळविण्यात आले. ग्रहगणितातील समान गतीचा पार्थिव काल आजमितीस नागरी वेळेपेक्षा ६९.१८४ सेकंदांनी पुढे आहे. एवढ्या अवधीत चंद्र अर्ध्या कलेहून अधिक सरकतो. पिधानांच्या गणितात ही बाब उपेक्षणीय नाही.

समारोप :
विद्यार्थ्यांनी निरीक्षणाची नोंद करताना केवळ घड्याळातील आकडे न लिहिता ती वेळ कोणती, हेही लिहावे. जुन्या नोंदी संगणकात भरण्यापूर्वी त्या स्थळी त्या वर्षी कोणती वेळ प्रचलित होती, हे अध्यापकांनी तपासून घ्यावे. संगणक दिलेल्या आकड्यांवर गणित करतो. त्या आकड्यांचा अर्थ निश्चित करणे हे अभ्यासकाचेच कार्य आहे.